हिमयुगातून आलेली इवलीशी गोगलगाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात गोगलगायीचं नाव काढलं की २०२२ चा खरीप आठवतो. लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत नुकतंच उगवून वर आलेलं सोयाबीन शंखी गोगलगायींनी रातोरात कुरतडून टाकलं आणि कितीतरी जणांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्या पावसाळ्यापासून शाळांमध्ये आणि गावागावांतल्या बैठकांत मी गोगलगायींविषयी बोलत आलो आहे. शंखी गोगलगायीचा बंदोबस्त सांगून झाला की शेवटी मी एका वेगळ्याच गोगलगायीचं चित्र दाखवतो. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली आहे. शास्त्रज्ञांना ती आधी जीवाश्म म्हणून सापडली, नामशेष समजली गेली आणि पुढे जिवंत निघाली. हे ऐकल्यावर बैठकीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत.

ही गोगलगाय नेमकी कोणती?

शास्त्रीय नाव डिस्कस मॅक्लिंटॉकी. इंग्रजी नावात ‘आयोवा’ आणि ‘प्लाइस्टोसीन’ हे दोन्ही शब्द येतात. प्लाइस्टोसीन म्हणजे सुमारे २५.८ लाख वर्षांपूर्वी सुरू होऊन ११,७०० वर्षांपूर्वी संपलेला काळ. या काळात बर्फाचे प्रचंड थर उत्तर अमेरिकेवर अनेकदा पसरले आणि अनेकदा मागे हटले. ही जमिनीवर राहणारी गोगलगाय आहे, पाण्यातली नाही. आज ती मुख्यतः आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात आणि शेजारच्या इलिनॉय राज्याच्या वायव्य टोकाला, मोजक्या डोंगरउतारांवर जिवंत आहे.

इवलीशी म्हणजे केवढी?

पूर्ण वाढलेल्या गोगलगायीचं कवच सहा ते आठ मिलिमीटर रुंद असतं. शाळेच्या पट्टीवरच्या आठ बारीक रेघा मोजा, तेवढ्यात ती मावते. कवच घुमटासारखं थोडं उंचावलेलं आणि त्याला सहाएक घट्ट वेढे. रंग तपकिरी किंवा मळकट पांढरा, त्यावर हलकी हिरवट झाक. भिंगातून पाहिलं तर वेढ्यांवर अगदी बारीक, एकसारख्या अंतरावरचे कंगोरे दिसतात. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला शोधायचं तर जमिनीला नाक लावूनच बसावं लागेल.

आधी जीवाश्म आणि नंतर जिवंत, हा उलटा क्रम कसा?

१९२८ मध्ये फ्रँक कॉलिन्स बेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने या प्रजातीचं वर्णन केलं आणि तिला नाव दिलं. ते इलिनॉय विद्यापीठाच्या निसर्ग-संग्रहालयाचे अभिरक्षक होते. त्यांच्यासमोर होती ती फक्त कवचं, तीही हिमयुगात साचलेल्या मातीतून निघालेली. जिवंत नमुना कुणी पाहिलेला नव्हता. मॅमथसारखे तेव्हाचे मोठे प्राणी गेले तशी हीही गेली असणार, असं धरून चालणं त्या वेळी वावगं नव्हतं.

मग १९५५ मध्ये लेस्ली ह्युब्रिख्ट यांना ईशान्य आयोवात ती जिवंत सापडली. ह्युब्रिख्ट यांचं सगळं आयुष्य गोगलगायींच्या मागे गेलं. पालापाचोळा चाळायचा, दगड उलटायचे आणि सापडलेल्या प्रत्येक कवचाबरोबर जागेची नोंद ठेवायची, हे काम त्यांनी अमेरिकेच्या पूर्व भागात दशकानुदशकं केलं. १९८५ मध्ये त्यांनी तिथल्या जमिनीवरच्या गोगलगायींचे जिल्हावार नकाशे प्रसिद्ध केले. आजही अभ्यासकांना ते हाताशी लागतात. त्यांचा मोठा संग्रह शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. महागडं उपकरण नाही, मोठी मोहीम नाही. ज्या थंड, ओल्या कपारीत वाकून बघायला कुणी जात नव्हतं तिथे जाणकार नजरेचा एक माणूस गेला. या सगळ्या गोष्टीत मला सर्वात मोलाचं वाटतं ते हेच.

जीवाश्मातून ओळखीचा झालेला जीव पुढे जिवंत सापडण्याची उदाहरणं आणखीही आहेत. सर्वात गाजलेलं म्हणजे सीलाकँथ मासा. त्याच्या गटातले सगळे मासे डायनोसॉरच्या काळाबरोबर संपले असं मानत होते, पण १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो मच्छीमारांच्या जाळ्यात आला. तो माणसाएवढा मासा होता, म्हणून जगभर बातमी झाली. गोगलगायीची तेवढी झाली नाही.

जीवाश्म म्हणजे तिचा दगड झाला होता का?

तसं नाही. गोगलगायीचं कवच चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. हिमयुगाला भूशास्त्राच्या हिशोबात फार काळ लोटलेला नाही, त्यामुळे कवचं बहुधा मूळ रूपातच टिकतात. वरची रंगीत पातळ साल निघून जाते आणि पांढरं, खडूसारखं कवच उरतं. वेढे, कंगोरे, तोंडाचा आकार मात्र शाबूत राहतो. म्हणून तर मातीतल्या पांढऱ्या कवचाशेजारी आजचं तपकिरी कवच ठेवून दोन्ही एकाच प्रजातीची आहेत, असं सांगता येतं.

अमेरिकेच्या मध्य भागात वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचे जाड थर आहेत. हिमनद्यांनी दगड दळून जी भुकटी केली, ती नद्यांच्या पात्रांतून वाऱ्याने उचलली आणि दूरवर पसरली. या मातीत चुना असल्याने कवचं विरघळत नाहीत. डिस्कस मॅक्लिंटॉकीचे जीवाश्म अशाच मातीत मिळतात, तेही आज ती जिथे आहे त्याच्या कितीतरी बाहेर. एके काळी तिचा मुलूख खूप मोठा होता, हे त्यावरून कळतं.

ती किती जुनी आहे?

ही प्रजाती सुमारे ४ लाख वर्षांपासून पृथ्वीवर आहे, असं मानलं जातं. एवढ्या काळात बर्फ आला, गेला, पुन्हा आला.

वय काढण्याच्या दोन वाटा आहेत. कवच कोणत्या थरात मिळालं ते पाहायचं आणि त्या थराचं वय इतर पुराव्यांवरून ठरवायचं, ही एक. दुसरी म्हणजे कवचातल्याच कार्बनवरून रेडिओकार्बन पद्धतीने वय मोजायचं. ही पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते. गोगलगायींच्या बाबतीत तिची एक जुनी अडचण होती. मोठ्या गोगलगायी कवचासाठी चुनखडीचा दगड खरवडून खातात. त्या दगडातला कार्बन इतका प्राचीन असतो की कवचाचं वय खऱ्यापेक्षा हजारो वर्षांनी जास्त निघू शकतं. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बारीक गोगलगायींच्या अनेक प्रजातींना ही अडचण जवळपास येत नाही, त्यांच्या कवचातून बरंच भरवशाचं वय मिळतं. हिमयुगातल्या मातीचा काळ ठरवायला आता हीच इवलीशी कवचं कामाला येतात.

भर उन्हाळ्यात डोंगरातून थंड हवा कशी येते?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आयोवाच्या त्या कोपऱ्यावर शेवटच्या हिमयुगातला बर्फाचा थर आलाच नाही. आजूबाजूला बर्फ पुढे सरकला, पण हा प्रदेश बर्फाविना राहिला. त्यामुळे तिथले उंच कडे, खोल घळी आणि भेगाळलेले चुनखडीचे डोंगर घासून सपाट झाले नाहीत. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. म्हणून डोंगरमाथ्यावर खड्डे पडतात आणि आत पोकळ्या व भेगांचं जाळं तयार होतं.

हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या बराच खाली असतो. ही गोठवणारी हवा उताराच्या पायथ्याकडच्या फटींतून डोंगरात शिरते आणि आतला दगड थंडगार करून ठेवते. पुढे वसंतात वरून झिरपलेलं पाणी त्या थंड भेगांत पोहोचतं आणि तिथेच गोठतं. उन्हाळा आला की क्रम उलटतो. माथ्यावरच्या खड्ड्यांतून गरम हवा आत ओढली जाते, खाली उतरताना बर्फावरून जाते, थंड आणि ओली होते आणि पायथ्याच्या फटींतून बाहेर पडते. फटींच्या तोंडाशी दगडांचा खच, त्यावर पातळ माती, शेवाळ आणि पानांचा थर. गोगलगाय राहते ती या थरात.

परभणी जिल्ह्यातल्या वालूर किंवा चारठाण्याच्या बारवेत मे महिन्यात उतरलात, तर पंधरावीस पायऱ्यांनंतर अंगाला लागणारा गारवा तुम्हाला ठाऊक असेल. आयोवातल्या त्या उताराजवळ हात नेला तर तसंच वाटेल, पण किती तरी अधिक थंड. बारवेत सावली आणि पाणी गारवा देतं, तिथे डोंगराच्या पोटात खरोखरचं बर्फ असतं.

या उतारांवर उन्हाळ्यात जमिनीचं तापमान सहसा १० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही आणि हिवाळ्यात उणे १० अंशांच्या खाली उतरत नाही. काही पावलांवरच्या शेतात ३० अंशांचा उन्हाळा असतो, कडाक्याचा हिवाळाही असतो. उताराची ती चिंचोळी पट्टी मात्र वर्षभर हिमयुगाच्या हवेत राहते.

मग ती तिथेच का अडकून पडली? दुसरीकडे जात का नाही?

जाणार कशी? उतार सोडला की चार पावलांवर तिच्या दृष्टीने भट्टी सुरू होते. हिमयुगात सगळा मुलूखच थंड आणि ओला होता, तेव्हा ती दूरवर पसरली होती. हवा तापत गेली तशी बाकीच्या ठिकाणची वस्ती संपली. जिथे डोंगर थंड श्वास सोडत होता तिथेच ती उरली. एका उताराची गोगलगाय दुसऱ्या उताराच्या गोगलगायीला हजारो वर्षांत भेटलेली नाही.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासाने हेच दाखवलं. वेगवेगळ्या उतारांवरच्या वस्त्या जनुकीय दृष्ट्या एकमेकींपासून बऱ्याच दुरावलेल्या आहेत. एक उतार गेला तर तिथलं जे गेलं ते शेजारच्या उतारावरून आणून भरता येत नाही.

ती खाते काय? जगते किती?

गळून पडलेली पानं खाते, मुख्यतः बर्च आणि मेपल या झाडांची. वसंत आणि उन्हाळा हा तिचा हिंडण्याफिरण्याचा काळ. ऑगस्टमध्ये जमीन सुकायला लागली की ती मंदावते आणि हिवाळ्यात मातीत शिरून निपचित पडते. एकाच गोगलगायीत नर आणि मादी दोन्हींची इंद्रियं असतात. एका खेपेला दोन ते सहा अंडी, ओंडक्याखाली, सालीखाली किंवा ओल्या कपारीत. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं निघतात. आयुष्य पाच ते सात वर्षं. एवढ्या लहान जीवासाठी हे पुष्कळच म्हणायचं, आणि दोन-सहा अंडी म्हणजे अगदी जपून चाललेला संसार.

“गुरुजी, ही आमच्या सोयाबीनवर आली तर?”

हा प्रश्न मला नेहमी शेतकऱ्यांकडून येतो आणि तो रास्त आहे. येणार नाही. आपल्या उन्हाळ्यात ती एक दिवस काढू शकणार नाही आणि हिरवं पीक हे तिचं अन्नही नाही.

आपल्याकडचं सोयाबीन खाणारी ती शंखी गोगलगाय, मूळची पूर्व आफ्रिकेतली. पूर्ण वाढली की कवच दहा सेंटिमीटरच्या पुढे जातं. एका खेपेला शंभर ते चारशे अंडी घालते आणि वर्षातून अशा अनेक खेपा होतात. वर सांगितलेल्या दोन-सहा अंड्यांशी ताडून पाहा. ही भारतात आपोआप आली नाही. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यातल्या एका बागेत सोडल्या गेल्या, तिथून पसारा वाढला. बेन्सन स्वतः गोगलगायींचे अभ्यासक होते, भारतातल्या अनेक प्रजातींना त्यांनीच नावं दिली.

एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. आयोवा आणि इलिनॉय ही अमेरिकेतली सोयाबीनची आघाडीची राज्यं आहेत. लातूरच्या आडत बाजारात अमेरिकेतल्या पिकाची चर्चा होते, ते पीक बऱ्याच अंशी तिथलंच. म्हणजे ही दुर्मिळ गोगलगायही सोयाबीनच्या मुलखातच राहते. तिथे गोगलगायीमुळे सोयाबीन धोक्यात नाही, शेतीमुळे गोगलगाय धोक्यात आहे.

मग शंखी गोगलगायी माराव्या की नाही?

माराव्या. त्यात माझ्या मनात किंतु नाही. ती परकी आहे आणि पिकाचं अतोनात नुकसान करते. पण कशा माराव्या याला महत्त्व आहे.

वेचून गोळा करणं हा सर्वात खात्रीचा उपाय. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी धुऱ्यावर आणि सरींमध्ये अंथरा. रात्रीतून गोगलगायी त्याखाली जमतात. सकाळी ऊन चढायच्या आत त्या वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घातल्याशिवाय हात लावू नका, कारण यांच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातला एक जंत असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. मातीत पिवळसर पांढऱ्या अंड्यांचे पुंजके दिसले तर तेही नष्ट करा. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात हे केलं तर फरक दिसतो. एकट्याने केलं तर शेजारच्या रानातून पुन्हा येतात.

मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण त्या शंखी गोगलगायीला आणि धुऱ्यावरच्या निरुपद्रवी बारीक गोगलगायीला वेगळं ओळखत नाहीत. कुत्रं, कोंबडी, जनावरं यांनाही त्या घातक आहेत. पिकात, प्रादुर्भाव असेल तिथेच वापरा. ओढ्याकाठी, माळावर, दगडी बांधात भिरकावू नका. मात्रा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याप्रमाणे किंवा कृषी सहायकाला विचारून ठरवा.

एवढ्याशा जीवासाठी सरकार जमीन राखून ठेवतं?

ठेवतं. १९७८ मध्ये अमेरिकेने या गोगलगायीला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घेतलं. १९८४ मध्ये तिच्या संवर्धनाचा आराखडा तयार झाला. १९८९ मध्ये खास तिच्यासाठी आणि त्याच उतारांवर उगवणाऱ्या एका बचनागाच्या जातीसाठी अभयारण्य स्थापन झालं. आपल्याला बचनाग आयुर्वेदामुळे आणि हिमालयामुळे माहीत आहे. तिथला हा निळ्या फुलांचा भाऊबंदही थंड उतारांचाच रहिवासी.

हे अभयारण्य एकसलग नाही. छोटे छोटे तुकडे आहेत, विखुरलेले. बाकीचे कितीतरी उतार खासगी मालकीचे आहेत आणि मालकांशी बोलून, समजावून, कुठे करार करून ते राखले जातात. थंड उतारांवर लोकांना फिरू दिलं जात नाही. मला हे योग्यच वाटतं. पावलाखाली दगड सरकला की फट बुजते, शेवाळ तुटतं, आणि त्या पानांत अंडी असतील तर ती चिरडतात. बघायला जायचा मोह मलाही होतो, पण ती नीट राहायची असेल तर तिथे गर्दी नको.

तिला खरा धोका कशाचा?

उतारावर गुरं चरायला सोडणं, झाडं तोडणं, दगडाची खाण, रस्ता. आणि एक धोका असा, जो सहज लक्षात येत नाही: माथ्यावरचा खड्डा बुजवणं. शेतकऱ्याला शेताच्या मधोमध असलेला खड्डा नकोच असतो. त्यात दगडधोंडे, जुनं सामान, कचरा टाकून तो भरला की डोंगरात जाणारी हवा थांबते. खाली, पाव-अर्धा किलोमीटरवर, फटीतून येणारा गारवा कमी होतो. खड्डा बुजवणाऱ्याला गोगलगाय दिसलेलीही नसते. फवारणीचं औषध पावसाबरोबर याच खड्ड्यांतून आत जातं, तोही धोका आहेच.

दूरचा धोका म्हणजे तापणारी हवा. हिवाळे सौम्य झाले तर डोंगरात पुरेसं बर्फ धरणार नाही. कुंपण घालून खड्डा आणि उतार राखता येतो, हवा राखता येत नाही. ४ लाख वर्षांत हवा अनेकदा तापली आणि ती तगली हे खरं, पण तेव्हा माथ्यावर शेती आणि पायथ्याला खाण नव्हती.

फ्रिजमध्ये ठेवून पाळता येईल का?

मुलं हे हमखास विचारतात. नाही. तिला नुसती थंडी पुरत नाही. ओल, ठरावीक झाडांची कुजत आलेली पानं, चुना आणि ऋतूंचं चक्र हे सगळं लागतं. शिवाय तिथल्या कायद्याने ती पकडणं, बाळगणं गुन्हा आहे.

याहूनही लहान गोगलगाय तिथे आहे का?

आहे. व्हर्टिगो ह्युब्रिख्टी. नाव ह्युब्रिख्ट यांच्यावरूनच दिलेलं. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. तिचं वर्णनही १९३४ मध्ये हिमयुगातल्या जीवाश्म कवचांवरून झालं आणि पुढे तीही अशाच थंड उतारांवर जिवंत सापडली. एकाच जागेने दोन प्रजाती सांभाळून ठेवल्या.

आपल्याकडे अशा बारीक गोगलगायी आहेत का?

जमिनीवरच्या बारीक गोगलगायी आपल्याकडे भरपूर आहेत, फक्त कुणी बघत नाही. मृगाच्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर, जुन्या दगडी बांधाशी बसा. गोठ्यामागचा, लिंबाच्या सावलीतला बांध असेल तर उत्तम. खालचा दगड हळूच उचलून उलटा करा आणि त्याच्या ओल्या बाजूकडे दोन मिनिटं नुसतं बघत राहा. आधी काहीच दिसत नाही. मग मातीचा एक कण सरकतो. तो कण म्हणजे पाच-सहा मिलिमीटरची, लांबट निमुळती, मेणासारखी अर्धपारदर्शक गोगलगाय असते आणि कवचातून आतलं अंग पिवळट दिसतं. ही बहुधा ॲलोपियस, बागांमध्ये आणि कुंड्यांतही सापडणारी. थोडं आणखी थांबलात तर दोन-तीन मिलिमीटरची, शंकूच्या आकाराची, तपकिरी कवचाचीही एखादी दिसेल. कॅलिएला या वंशातल्या गोगलगायी साधारण अशा दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग शंभर-दीडशे रुपयांत मिळतं, ते जवळ ठेवा. पाहून झालं की दगड होता तसा, त्याच बाजूने, हळूच ठेवा. त्या दगडाखालची ओल हेच त्यांचं घर आहे.

या बहुतेक गोगलगायी कुजलेला पाला, बुरशी, शेवाळ खातात. पाला कुजवण्याच्या कामात त्यांचा हातभार असतो, आणि पक्षी, बेडूक, काजव्यांच्या अळ्या त्यांना खातात. गोगलगाय दिसली की ठेचायची, अशी सवय २०२२ नंतर आपल्याकडे लागली आहे. मला ती पाहवत नाही. मोठ्या शंखी गोगलगायीला जरूर वेचा. दगडाखालच्या दाण्याएवढीने तुमचं काही खाल्लेलं नाही.

विहीर खोदताना मातीत शंख निघाले. ते जीवाश्म आहेत का?

असू शकतात, पण घाईने ठरवू नका. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाचा आहे. वितळलेल्या दगडात शंख टिकत नाहीत. मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात तळी तयार झाली आणि त्यांच्या गाळात शंख गाडले गेले. नागपूरजवळ टाकळीला असे थर एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत आणि तिथला फायसा प्रिन्सेपी हा गोड्या पाण्यातला शंख भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो.

नदीकाठचा गाळ ही दुसरी शक्यता. मांजरा नदीच्या खोऱ्यात, लातूर भागात, हिमयुगाच्या काळातल्या हत्तींचे आणि इतर मोठ्या प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. अशा गाळात शंख-शिंपलेही असतात, बहुतेक पाण्यातले. शंख पांढरा, खडूसारखा असेल आणि काही फूट खोल, न हललेल्या थरातून निघाला असेल तर तो जुना असण्याची शक्यता वाढते. वरच्या काळ्या मातीतला शंख बहुधा अलीकडचाच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे शंख त्या भेगांतून हातभर खाली जातात, हे ध्यानात ठेवा.

जाता जाता एक सांगतो. दख्खनच्या लाव्हाचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड हेच भारतातल्या जमिनीवरच्या गोगलगायींचेही मोठे अभ्यासक होते. दगड आणि गोगलगाय एकाच माणसाच्या वहीत होती.

सापडलेला शंख जपायचा कसा?

आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. एक वरून, एक तोंडाच्या बाजूने, एक खालून. बारीक शंखाला चिमट्याने दाबू नका. ओल्या ब्रशच्या टोकावर उचला. साध्या पाण्याने हळू धुवा आणि सावलीत वाळवा. चकाकी यावी म्हणून लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर लावू नका, आम्लाने चुना विरघळतो आणि बारीक कंगोरे कायमचे जातात. काडेपेटीत किंवा औषधाच्या लहान डबीत कापूस घालून ठेवा. आत चिठ्ठी हवी: गाव, तालुका, शेत की ओढा की विहीर, किती खोल, कोणत्या रंगाच्या मातीत, तारीख. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. दोन जागांचे शंख एका डबीत टाकू नका.

जिवंत गोगलगाय असेल तर फोटो पुरे, तिला तिथेच राहू द्या. फोटो आणि नोंद जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. विहिरीतून किंवा नदीच्या काठातून मोठं हाड किंवा दात निघाला, तर तो उपसू नका. खोदकाम थांबवा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.